छान आहे, विनी

विनीचं डोकं आज घरूनच तापलेलं होतं. हॅलिफॅक्सच्या पबातल्या मागच्या खोलीत रविवारची दुपार, घरी बिअर करणाऱ्यांचं मंडळ जमलेलं, आणि त्यात बाई ही एकटीच. नवरा, सिरिल, गेल्यापासून ती त्याच्या वहीतल्या कृतीनेच एल ही बिअर बनवत होती. वीस वर्षं सिरिलने ह्याच टेबलावर वाहवा मिळवली होती. तिने तीच एल जत्रेतल्या स्पर्धेला पाठवली, तर परक्या परीक्षकाने पन्नासात अकरा गुण दिले. म्हणजे तिच्याच हातून कुठेतरी माती होत होती. कुठे, एवढंच तिला कळायला हवं होतं. सिरिलची एल सिरिलसारखीच जमली पाहिजे, बस्स! चार वेळा इथे आणून विचारलं, आणि चारही वेळा ह्या शहाण्यांनी एकच सांगितलं, "छान आहे, विनी."

छान म्हणे! एकमेकांच्या बिअरची हे लोक सालटी काढायचे. आत्ताच मंडळाच्या अध्यक्षाने, नॉर्मनने, डग्लसला ऐकवलं होतं, "ही काय बिअर आहे? ओलं फडकं पिळलंस होय रे?" आणि डग्लस खुशाल हसत ते लिहून घेत होता. विनीची पाळी आली की मात्र सगळ्यांची तोंडं मयताला आल्यासारखी व्हायची.

म्हणून आज तिने आठवडाभर मुद्दाम उघडी ठेवलेली बाटली आणली होती. नुसता व्हिनेगर झालेला.

नॉर्मनने घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं मेल्याच्या.

"वा! वेगळीच आहे. छान आहे, विनी."

डग्लसनेही मान डोलावली.

"छान?" विनी ताडकन उठली. "लाजा नाही वाटत? आंबून गेलेली बाटली आहे ती! कुत्र्याने तोंड लावलं नसतं!"

"अगं, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला वाईट वाटायचं ते सिरिल गेला तेव्हा वाटून झालंय. मी विधवा आहे, कुकुलं बाळ नाही!" तिने दुसरी बाटली टेबलावर आपटली. "ही खरी. वहीत आहे तश्शी. माझं कुठे चुकतंय ते सांगितल्याशिवाय कोणी इथून हलायचं नाही."

डेस्मंड सिरिलचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने पेला सावकाश संपवला.

"तुझं काहीच चुकत नाही, विनी. ही अगदी सिरिलचीच आहे."

"मग अकराच गुण का?"

"त्याचीही अशीच असायची. भाजक्या जवाचा माल्ट दुप्पट घालायचा तो. पाकासारखी घशाला चिकटायची."

"आणि तुम्ही त्याला काय सांगायचात?"

नॉर्मन पुटपुटला, "छान आहे म्हणायचो. पहिल्यांदा इतक्या आशेने बघत होता गं... मग खरं सांगायचं राहूनच गेलं."

दर महिन्याला घरी आल्यावर टोपी काढायच्या आधी सिरिल विनीला सांगायचा, "आवडली गं त्यांना!" मग भांडी घासताना शीळ घालायचा.

"शिकला असता रे तो!" ती ओरडली. "माल्ट निम्मा करायला त्याला एक रविवार लागला असता. वीस वर्षं तुमच्या तोंडाकडे बघत बसला माझा माणूस, आणि तुमच्यातल्या एकालाही त्याची बिअर सुधारावीशी वाटली नाही!"