सासूच्या हातचा बेडूक

आमचा जावई रोनो सहा वर्षं साओ पावलोत लोकांना बेडूक लावत होता. दंडावर वेलीच्या जळत्या काडीने ठिपके डागायचे, त्यावर कांपो बेडकाच्या अंगचा चीक लावायचा, की पोटातलं सगळं बाहेर. इकडे आमच्या जंगलातल्या गावात शिकार हुकू लागली किंवा अंगात आळस भरला की हे करतात. शहरात म्हणे लोक चटईवर बसून मन मोकळं व्हावं म्हणून लावून घेतात. ओकतात, रडतात आणि वर रोनोच्याच गळ्यात पडतात.

तो कायमचा परत आला, तेव्हा माझी लेक शोमा हरखून गेली. पण आमच्यात जावई सासऱ्याच्या घरी राहतो आणि घराला मांस पुरवतो. रोनो रोज बंदूक घेऊन जंगलात जायचा आणि डासांना जेवू घालून परत यायचा. शेवटी माझी बायको वाश्मे म्हणाली, "मांस आणेपर्यंत याचा झोपायचा झुला पडवीत. आत बांधायचा नाही."

शोमाचा झुला आत, त्याचा बाहेर. पोरगी घास हातात धरून पडवीकडे बघत बसायची. 

"मामा, मलाच आता बेडूक लावून घ्यायला हवा," रोनो एक दिवस म्हणाला.

"मग घे की लावून. एवढं शहर ओकवलंस!"

"स्वतःच्या हाताने कसा लावू? लावणाऱ्याचे गुण उतरतात."

"म्हणजे तुझं ते साओ पावलो आता झुल्यात लोळत असेल म्हण!"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. गावातले चांगले शिकारी तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला सणाला गेले होते. मी लावला असता, पण माझ्या हातून त्याला गुडघेदुखीच मिळाली असती.

वाश्मे कसाव्याचे कंद किसत होती. मान वर न करता म्हणाली, "मी लावते."

"मामी, तुम्ही कुठे शिकार करता?"

"तुला आळसावर औषध हवंय ना? या गावात माझ्याआधी कोण उठतं ते सांग."



पहाटे आवाजाच्या रोखाने जाऊन रोनोने स्वतः बेडूक धरून आणला. तेवढं तो विसरला नव्हता. वाश्मेने बेडकाचे चारी पाय ताणून बांधले, काडीने चीक खरवडला आणि त्याला झाडावर सोडून दिलं.

"पोटरी पुढे कर."

"मामी, पोटरीवर बायकांना लावतात. पुरुषांना दंडावर—"

"मी आजवर बायकांनाच लावलाय. दंड शहरात दाखव."

मडकंभर कसाव्याचं पेय ढोसून रोनोने पोटरी पुढे केली. थोड्या वेळात त्याचे ओठ सुजले, डोळे बारीक झाले. शोमा त्याची पाठ धरून बसली होती. "आई, तू झाडावर सोडलास तो याचा सख्खा भाऊच होता गं," असं म्हणून ती हसली. कित्येक दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी रोनो वाश्मेच्याही आधी उठून गेला. दुपारी आला तो डोक्यावर लाकडांचा हा एवढा भारा घेऊन. वाटेत कसाव्याचं सगळं रानही निंदून आला होता. मांस मात्र नाही. भारा टाकला आणि कमरेवर हात ठेवून माझ्यावर खेकसला, "मामा, ऊन डोक्यावर आलं! घर काय तुमच्या झुल्याच्या दोरीवर उभं आहे?"

शब्द वाश्मेचे, सूरही वाश्मेचा. वाण नाही पण गुण लागला. शेजारपाजारचे पोट धरून हसले.

"आणि मांस कुठंय?" वाश्मे म्हणाली.

शोमा उठून उभी राहिली. "आई, त्याला तुझा हात लागलाय. आता नावं ठेवायची तर तुझ्या हाताला ठेव."

वाश्मेने तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मग ती पडवीत गेली, रोनोच्या झुल्याची गाठ स्वतः सोडली आणि झुला शोमाच्या हातात दिला. पोरगी तो कवटाळून आत पळाली. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात दोघं एकदमच माझ्याकडे वळली.

"घराला मांस तर लागणारच," वाश्मे म्हणाली.

"मामा," जावई म्हणाला, "पोटरी पुढे करा."