डावीकडे ओढणारी जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. माझं तारुण्य लष्करात गेलं आणि बहात्तर साली लिलावातून मी दिघ्याच्या तुळशीरामांच्या अंगणात आले. खाडीतली मासळी मी ठाण्याच्या बाजारात नेत असे. पहिल्या दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळाली. पुढे अंगावर नुसते खवले उरले.

दहा वर्षांनी माझ्या पुढच्या पाट्यांचे बुश झिजले. पाटे म्हणजे धक्के सोसणाऱ्या पोलादी पट्ट्या, आणि बुश म्हणजे त्यांच्या टोकांतली रबरी उशी. ती गेल्यावर मी खडखडू लागले, आणि सारखी डावीकडे ओढू लागले. तुळशीरामांनी बुशांवर तेल ओतलं. रबर आणखीच कुजलं. मग ते स्टिअरिंग उजवीकडे दाबून चालवू लागले आणि "रस्ताच वाकडा हाय" असं गावभर सांगू लागले.

एका सकाळी म्हैस आडवी आली. ब्रेक लागला आणि मी टोपल्यांसकट थेट मिठागरात उतरले. तुळशीरामांच्या पत्नी चंद्राबाई शेजारीच बसल्या होत्या. गुडघाभर चिखलात उभ्या राहून त्या शांतपणे म्हणाल्या, "रविवारी आपल्या लेकीचा, पुतळाचा नवरा हिच्यातनंच आनायचा हाय ना? तो असा चिखलात गेला तर लगीन मोडंल."

त्याच दिवशी मला रबाळ्याच्या नंदकिशोर मिस्त्रींकडे ओढत नेलं. त्यांनी मला जॅकवर उचललं, जुने बुश ठोकून काढले आणि नवे साबणाच्या पाण्यात बुडवून बसवले.

"तेल नको टाकू, दादा. रबर खातं ते," ते म्हणाले.

मला चाकांवर उभी करून मगच त्यांनी बोल्ट शेवटचे आवळले आणि स्वतः घरी आणून सोडलं. मी इतकी सरळ चालले की माझी मलाच लाज वाटली.

रविवारी घणसोलीहून नवरदेव शिवाला घेऊन आम्ही निघालो. मी नाकासमोर चालले होते, पण तुळशीरामांचे हात सवयीने उजवीकडेच दाबत होते. पन्नास पावलांवर मी उजव्या कडेला तिथल्या सुमित्राबाईंनी वाळत घातलेल्या जवळ्यात, म्हणजे बारीक कोळंबीत, शिरले. जवळा उडाला तो शिवाच्या फेट्यात, खिशात, बाशिंगात.

मांडवात भटजींनी नाकाला उपरणं लावलं. चंद्राबाईंनी डोळे मिटून घेतले. पुतळाने माळ घालताना वास घेतला आणि हळूच म्हणाली, "आपलाच मानूस हाय."

मित्रांनो, गाडी खडखडली तर रस्त्याला दोष देऊ नका, वेळेवर बुश बदला. आणि बदलल्यावर हातांची सवयही बदला. प्रत्येक नवरी काही पुतळासारखी नसते.