बायनाबाईच्या नावावरची दोनशे सतरा पुस्तकं

मोहटोल्याच्या नवजागृती वाचनालयात एरवी येणारी पत्रं म्हणजे माहिती तात्काळ पाठवा, न पाठवल्यास जबाबदारी आपली राहील, अशा मायेची. त्या दिवशी आलेला लिफाफा मात्र जाडजूड होता आणि आत सोनेरी काठाचं कार्ड होतं. ग्रंथपाल नूतनने ते उभ्याउभ्या वाचलं आणि मग खुर्ची शोधली.

जिल्हा वाचक गौरव समितीने वर्षातली सर्वोत्तम वाचक निवडली होती. श्रीमती बायनाबाई वामनराव खोब्रागडे, मुक्काम मोहटोला, तालुका सावली. एका वर्षात दोनशे सतरा पुस्तकं. बारा दिवसांनी चंद्रपूरला सत्कार, शाल, मानचिन्ह, आणि सत्कारमूर्तींनी वाचकांसाठी दोन शब्द बोलावेत अशी विनंती.

"अवं माय," नूतन म्हणाली.

बायनाबाईला अक्षरओळख नव्हती. ती अंगठा लावायची. आणि वाचनालयाच्या देवघेव वहीत तर तिने तोही लावला नव्हता. तिथले दोनशे सतराही अंगठे नूतनचे होते.

यात नूतनचं चुकलं, हे कबूलच आहे. पण तिची बाजूही ऐकून घ्यायला हवी. वाचनालयात काचेच्या दारांची चार कपाटं होती आणि त्यांच्या चाव्या अध्यक्ष बापूजींच्या बंडीच्या आतल्या खिशात. बापूजींची गावात धानाची गिरणी होती, आणि वाचनालय त्यांनीच काढलेलं. पुस्तक म्हणजे साक्षात सरस्वती, असं ते प्रत्येक भाषणात सांगायचे, आणि सरस्वतीला दहा जणांचे हात लागलेले त्यांना खपत नसे. नूतन लागली त्याला अकरा वर्षं झाली, तरी कपाटांतला कोऱ्या कागदाचा वास गेला नव्हता. तपासणीला कुणी साहेब आले की बापूजी त्यांना मुद्दाम एखादं पुस्तक उघडून नाकाजवळ धरायला लावायचे.

पण साहेब वास घेऊन थांबत नसत. त्यांना वही लागायची. रोज किती पुस्तकं गेली, कुणी नेली, सही कुठे आहे. कपाट बंद आणि वही भरलेली, हा चमत्कार दर संध्याकाळी साडेसहाला नूतनला एकटीने करावा लागे. सह्या खोट्या करायला तिचा हात धजेना. एक अशी, दुसरी तशी झाली तर पकडले जाऊ. अंगठ्याचं तसं नसतं. सगळे अंगठे सारखेच काळे दिसतात. आता अंगठेवाले सभासद वाचनालयात आले कुठून? तर सभासदांचा आकडा गाठायचा म्हणून बापूजींनी ग्रामसभेला आलेल्या सगळ्यांचीच नावं एका झटक्यात घालून टाकली होती. त्यात तिघं अंगठेवाले निघाले. एक वारला, दुसरा लेकाकडे नागपूरला गेला, उरली बायनाबाई. नूतन रोज शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायची आणि बायनाबाईचं वाचन एका पुस्तकाने पुढे सरकायचं.

अंगठा लावून पुस्तक नेणारी बाई ते वाचते कशी, हा प्रश्न मोहटोल्यापासून चंद्रपूरपर्यंत एकाही टेबलावर कुणाला पडला नाही. आकडा चांगला होता, एवढं पुरे होतं.

नूतन कार्ड घेऊन गिरणीवर गेली. बापूजींना आनंदाचं भरतंच आलं.

"नाव काढलं मोहटोल्याचं! माह्या वाचनालयाची बाई, जिल्ह्यात पयली!"

"बापूजी, तिले वाचता नाई येत."

"सत्कारात वाचाले थोडीच लावतेत?"

"दोन शब्द बोलाले लावतेत. तिनं खरं सांगितलं तं?"

बापूजींनी गिरणीचा पट्टा चालू आहे की नाही ते वळून पाहिलं, आणि आवाज उतरवला. "तं वाचनालयाची मान्यता जाईन. आन् तुही नोकरी बी. अंगठा तुहा हाये नूतन, माहा नाई. तू भाषण लिवून दे, तिच्याकून पाठ करून घे."

बायनाबाई शेतात होती. बांधीत पोटरीपर्यंत पाणी, आणि ती वाकून धान निंदत होती. नूतनने बांधीच्या काठाला, धुऱ्यावर उभं राहून सगळं सांगून टाकलं, काहीच राखून ठेवलं नाही.

"किती पुस्तकं म्हनलं?"

"दोनशे सतरा."

"सगळे मीच वाचले?" बायनाबाई सरळ झाली. "मंग धान कोन निंदलं वं बाई?"

नूतनला हसू आलं, पण ते तिने आवरलं, कारण बायनाबाईचा चेहरा पार बदलला होता.

"माहा पोरगा अश्वजित भद्रावतीच्या फॅक्टरीत सही करून कामावर जाते. त्याले शिकवता शिकवता ह्याच बांधीत माही कमर गेली. मले शिकता नाई आलं याची मले अजून बी लाज वाटते. अन् तू माह्या त्या लाजेवर रोज शाई लावून राह्यली? कोनाले इचारून?"

नूतन रडायला लागली. बायनाबाईने तिची समजूत काढली नाही. ती पुन्हा वाकली आणि एक अख्खी ओळ निंदून टाकली. मग पाठमोरीच बोलली.

"सध्या वर्षावास सुरू हाये. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ चालते. एक जन वाचते, बाकीचे ऐकतेत. अन् संपला का आपन सगळेच काय म्हनतो? ग्रंथ वाचला म्हनतो."

"हो बाई."

"तं मंग आन ते दोनशे सतरा. ग्रंथ झाला का थे वाच. जेवढे मी ऐकीन तेवढे माहे. बाकीचे काट."

नूतनही विहारातच लहानाची मोठी झालेली, तिला हा हिशेब लगेच पटला. बापूजींना पटेना.

"विहारात? पुस्तकं बाहेर? खाली चटईवर बसून?" असं विचारताना त्यांना चटईचंच दुःख होतं की आणखी कशाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. "शाळेत वाचा ना."

"शाळेत लोक येत नाई. अन् स्टेजवर एखाद्या साहेबानं पुस्तकातलंच काही इचारलं तं? तुमी बाजूलेच बसून राहान."

बापूजींनी स्टेज डोळ्यांपुढे आणलं. मग बंडीत हात घातला आणि एका कपाटाची चावी सोडवली, पोटचं लेकरू परगावी धाडावं तशी.

कपाट उघडलं आणि निराळीच पंचाईत झाली. अकरा वर्षांत आत काय आहे ते कुणी नीट पाहिलंच नव्हतं; वहीतली नावं नूतन यादीवरून डोळे झाकून उतरवायची. नारळाच्या लागवडीवर सहा पुस्तकं होती. समुद्रातल्या मासेमारीवर चार. विमानतळावर कसं वागावं यावर एक जाडजूड. आणि बापूजींच्या साळ्याच्या कवितासंग्रहाच्या चौदा प्रती, सगळ्या कोऱ्या.

पहिल्या संध्याकाळी ग्रंथवाचन संपल्यावर नूतनने नारळाचं पुस्तक काढलं. पंधरा-वीस जण उठता उठता बसले.

"आपल्या इथी नारळ दुकानात लागते," दहा पानं झाल्यावर बायनाबाई म्हणाली. "काट."

नूतनने वहीतली सहा नावं काटली. विमानतळ मात्र लोकांना आवडला. पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवावा लागतो, हे ऐकून म्हातारे पोट धरून हसले. दोन दिवस तेच चाललं. तिसऱ्या दिवशी कविता आल्या. बायनाबाईने तीन कविता शांतपणे ऐकल्या.

"हा मानूस बिमार हाये का?"

"नाई बाई, कवी हाये."

"काट. चौदाच्या चौदा काट."

पाचव्या दिवशी कपाटाच्या तळातून एक कादंबरी निघाली. एका मालवाहू बोटीवरच्या स्वयंपाक्याची. घरी बायको बाळंत व्हायची आहे, आणि बोट वादळात सापडली आहे. मोहटोल्यातल्या एकाही माणसाने समुद्र पाहिला नव्हता, पण वैनगंगेचा पूर सगळ्यांनी पाहिला होता. विहार भरायला लागला. पाटलाच्या गल्लीतल्या बायाही यायला लागल्या, आधी दारात उभ्या, मग चटईवर. नूतनचा आवाज बसला, तरी ती वाचत राहिली. अकरा वर्षांत ग्रंथपालाचं एवढं एकच काम तिने केलं होतं, आणि ते करायला मिळाल्याचा तिला इतका आनंद झाला की भाषण पाठ करून घ्यायचं ती विसरूनच गेली. स्वयंपाक्याचं पुढे काय झालं, ते चंद्रपूरला जायच्या दिवसापर्यंत कळलं नाही. शंभरेक पानं राहिली.

चंद्रपूरच्या सभागृहात प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि आल्या आल्या वेळेचं महत्त्व सांगते झाले. मग मोबाइलमुळे वाचनसंस्कृती कशी लयाला चालली आहे, यावर चार भाषणं झाली. तिसऱ्या वक्त्याचा मोबाइल मधेच वाजला, आणि त्यांनी तो घेतला. बापूजी नवं जाकीट घालून पहिल्या रांगेत बसले होते. मागे नूतन हातातला रुमाल पिळत होती. आज इथून नोकरी घेऊन परत जाऊ की टाकून, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

शाल झाली, मानचिन्ह झालं. बायनाबाई माइकपुढे उभी राहिली.

"मले वाचता येत नाई," ती म्हणाली.

नूतनने डोळे मिटून घेतले. आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका.

"केवढी ही विनम्रता!" प्रमुख पाहुण्यांनी दुसरा माइक ओढून घेतला. "दोनशे सतरा पुस्तकं वाचूनही ही माउली म्हणते, मला वाचता येत नाही! ज्ञानाच्या सागरापुढे आपण सारेच निरक्षर आहोत!"

"अवो साहेब, खरंच नाई येत. मी अंगठा लावते. थे दोनशे सतरा खोटे हायेत. चार ऐकले मी, थे बी या पोरीनं वाचून दाखवले. त्यातले दोन बेकार होते."

आता तर लोक उभे राहिले. एका वर्तमानपत्राच्या माणसाने वहीत लिहून घेतलं: ग्रामीण विनोदाची उत्तम जाण. बापूजी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. बायनाबाई खाली उतरली, नूतनशेजारी येऊन बसली आणि शालीची घडी घालत म्हणाली, "एवढे शिकले, पर ऐकता नाई येत याइले."

नोकरी वाचली. नूतनला हायसं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोचायच्या आधीच बापूजी वाचनालयात येऊन गेले होते. मानचिन्ह टेबलावर होतं, कपाटाला कुलूप होतं, आणि बोटीवरचा स्वयंपाकी कोऱ्या वासासकट काचेमागे उभा होता. नूतनने फोन लावला.

"सत्कार झाला ना आता?" बापूजी म्हणाले. "त्या पुस्तकाचे कोपरे कसे मुडपले पाह्य. सोमवारी तपासणी हाये. तू नोंदी नेहमीसारख्या करत राय. औंदा बाईचे तीनशे करू."

संध्याकाळी ग्रंथवाचन संपलं आणि नूतन काही विहारात आली नाही, म्हणून लोकच वाचनालयात आले. पुढे बायनाबाई, मागे तीसएक माणसं.

"थ्या सैपाक्याचं काय झालं वं?"

नूतनने कुलपाकडे बोट दाखवलं. गावाला त्या कुलपाची सवय होती. लोक वळायला लागले, आणि तेच नूतनला सहन झालं नाही. नेहमीप्रमाणे साडेसहा वाजले होते आणि वही समोर उघडी होती.

"थांबा," ती म्हणाली. "आलेच आहा तं नोंद करून जा."

तिने तारीख घातली. खाली लिहिलं: बायनाबाई वामनराव खोब्रागडे. पुस्तक मागितले. कपाट बंद. मिळाले नाही. बायनाबाईने शाईच्या पॅडवर स्वतःचा अंगठा दाबला आणि तिच्या नावापुढे टेकवला. मग मागची माणसं एकेक करून पुढे आली. एकतीस नावं झाली, एकतीस वेळा कपाट बंद, मिळाले नाही. बाकी सगळ्यांनी सह्या केल्या, ज्यांनी कधी वाचनालयाचा उंबरा ओलांडला नव्हता त्यांनीही.

सकाळी बापूजी आले ते सवयीने वही पाहायला. पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं.

"हे काय लिवून ठेवलं?"

"नोंद हाये."

"फाड थे पान."

"पानाइवर नंबर हायेत बापूजी. शिक्के बी. एक पान कमी झालं तं साहेब पयले थेच इचारते."

"मी तुले कामावरून काढू शकतो."

"काढा. मंग सोमवारी साहेबाले वही तुमीच समजावून सांगा."

बापूजी खुर्चीत बसले. त्यांनी एकतीसही नावं पहिल्यापासून पुन्हा वाचली, बोट ठेवून, कारण चष्मा घरी राहिला होता. मधे एका नावावर ते थांबले. तिथे त्यांच्या बायकोची, गुणाबाईची, सही होती. मग बंडीच्या खिशात हात घालून चाव्यांचा सगळाच जुडगा त्यांनी टेबलावर ठेवला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा नूतनला विचारलं,

"आमच्या हिले कोनतं पुस्तक पायजे होतं?"