नदीकाठची घंटा काढण्याबाबत

मी एक फाइल बोलतेय. पुठ्ठा जाड, नाडी लाल आणि अंगावर विषय लिहिलेला, 'नदीकाठची घंटा काढण्याबाबत'. वरून मी धीराची दिसते, पण आज माझं काळीज थाऱ्यावर नाही.

माझा जन्म एका गावच्या कार्यालयात झाला. राजधानीतून धोरण आलं होतं. पुराचा इशारा यापुढे मोबाइलवर जाईल, जुन्या घंटा काढा, हरकत असेल तर कळवा. ते वाचून तिथल्या कारकूनबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांचा नवरा मासेमार. तिथले मासेमार फोन भिजेल म्हणून बायकोकडे ठेवूनच होडीत बसतात. घंटा ऐकली की जाळं तिथंच सोडून काठ गाठतात. बाईंनी हे सगळं एका कागदावर मांडलं आणि नवऱ्याला वाचून दाखवलं.

"एवढं लिहायचं कशाला? हे कुणालाही कळतं," तो म्हणाला.

"वरच्यांना कसं कळणार? ते कुठं होडीत बसतात."

तो कागद पोटात घेऊन मी जिल्ह्याला आले.

इथले साहेब काही वाईट नाहीत. कागद वाचून म्हणाले, "बाईंचं खरंय." पण वर पाठवायच्या तक्त्यात रकाने दोनच. घरटी फोन आहे का? आहे. रेंज आहे का? आहे. वेगळं टिपण जोडलं तर वरचे लोक अख्खा तक्ताच परत पाठवतात, हे साहेबांना अनुभवाने ठाऊक. म्हणून तक्ता वर गेला आणि कागद माझ्यासकट कपाटात. महिन्याभरात उत्तर आलं, 'हरकत नाही, घंटा काढावी.' ते बाईंच्या कागदावरच लावलं. मी आतून ओरडत होते, पण फाइलीचं कोण ऐकतं?

परवा घंटा उतरवली. आज दुपारी वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. साहेबांच्या पडद्यावर आलं, 'इशारा सर्वांना पोहोचला.' त्यांनी चहा मागवला. तेवढ्यात कारकूनबाईंचा फोन आला. त्या इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की मला कपाटातही ऐकू आलं.

"साहेब, इशारा आला. ह्यांचा फोन माझ्याच पिशवीत वाजतोय. सगळ्या बायकांकडे वाजतायत."

साहेब धावत कपाटाशी आलेत, माझी नाडी सोडतायत. अहो, मला काय वाचत बसलाय? हात जोडते, आधी नदीवर कुणालातरी ओरडत पळवा.