हिमेनाने काढलेली चाल

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरातल्या आमच्या सांस्कृतिक केंद्रात मी दर शनिवारी नवशिक्यांना ॲनिमेशन शिकवते. येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ड्रॅगन उडवायचा असतो. मी त्यांना चेंडू काढायला लावते. जमिनीवर आपटला की चपटा, उसळला की लांबट, पण आकारमान तेवढंच. चित्रं जवळजवळ काढली की चेंडू रेंगाळतो, लांब लांब काढली की सुसाट सुटतो. हे हातात बसेपर्यंत दुसरं काही नाही.

"बाई, आता माझ्या चेंडूला कंटाळून मिशा फुटतील," हिमेना एकदा म्हणाली.

हिमेना प्लासेन्सिया वर्गातली सगळ्यात तोंडाळ मुलगी. शेजारच्या तोनालाहून बसने यायची, डब्यात तिखट-लिंबू लावलेला आंबा आणायची आणि बोटं न पुसता कागदाला हात लावायची. त्यावरून आमचं दर वेळी वाजायचं. हात मात्र पक्का होता.

चेंडू झाल्यावर मी त्यांना चाल दिली.

"घरातल्या कुणाची तरी चाल काढा," मी सांगितलं. "चेहरा नको, कपडे नकोत. डोक्याला गोल, अंगाला रेघा. वजन कुठल्या पायावर पडतंय ते दिसलं पाहिजे. पाऊल टाकायच्या आधी अंग जी तयारी करतं, ती दिसली पाहिजे. आणि जरा वाढवून दाखवा, नाहीतर पडद्यावर सगळं मिळमिळीत होतं."

पुढच्या शनिवारी सगळ्यांची कामं प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवली. रोहेलिओची आजी बदकासारखी डुलत गेली आणि वर्ग खिदळला. मग हिमेनाने आपलं लावलं.

रेघांचा एक माणूस डावीकडून आला. डावा पाय टेकण्याआधी क्षणभर हवेत थांबायचा, खाली जमीन आहे ना याची खात्री करून घेतल्यासारखा. मग आधी खांदा पडायचा, नंतर पाय. आणि पाय टेकून झाल्यावर उजवा हात मागून यायचा, ओलं फडकं झटकावं तसा.

मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. माझे वडील असे चालायचे. संध्याकाळी दारात बसून मी त्यांची वाट बघायची आणि गल्लीच्या टोकाला चेहरा दिसायच्या आधी ही चाल दिसायची. मी नऊ वर्षांची असताना ते उत्तरेकडे, अमेरिकेत कामाला गेले आणि सीमेवरच्या नदीत बुडून मेले, असं आईने सांगितलं.

"पुन्हा लाव," मी म्हणाले.

"काही चुकलं का, बाई?"

"पुन्हा लाव म्हटलं ना."

माणूस पुन्हा चालत आला.

"कुणाची चाल आहे ही?"

"बाबांची. तरुणपणी ट्रकवरून पडले होते. आता तर काठीच घेतात. मी लहानपणीचं आठवून काढलंय. थोडं वाढवलंय, तुम्हीच म्हणालात म्हणून."

"नाव काय त्यांचं?"

"एव्हेलिओ. का हो, ओळखता? पैसे मागायचे असतील तर ते घरी नाहीत."

वर्ग हसला. माझ्या वडिलांचं नाव एव्हेलिओ ओरेंदाइन प्लासेन्सिया. शेवटचं आडनाव आजीच्या माहेरचं, आम्ही ते लावत नव्हतो; हिमेना तेच लावायची. त्या आडनावाची माणसं शहरात ढिगाने आहेत, म्हणून हजेरी घेताना माझ्या मनातही काही आलं नव्हतं.

"वजन छान दाखवलंयस," एवढंच मी बोलले आणि वर्ग सोडून दिला.

घरी आई ओट्यापाशी भाजीसाठी निवडुंगाच्या पानांचे काटे काढत होती. मी पिशवीही न ठेवता म्हणाले, "आई, बाबा जिवंत आहेत."

तिची सुरी थांबली. मागे न वळता तिने विचारलं, "कुठे दिसला?"

मी खालीच बसले. 'काय बोलतेस' नाही, 'वेड लागलं का' नाही. कुठे दिसला!

"तुला माहीत होतं?"

"तोनालात त्याची कुणीतरी बाई आहे, एवढं कळलं होतं."

"मी त्याच्यासाठी रडले, आई! दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, त्याच्या फोटोपुढे झेंडू वाहिले!"

"मग काय सांगायला हवं होतं तुला?" ती वळली. "नवरा मेला म्हटल्यावर शेजारणी जेवण घेऊन आल्या. पळाला म्हटलं असतं तर त्याच तोंडावर हात ठेवून हसल्या असत्या. आणि तू रोज दारात जाऊन बसायचीस. तुला उठवायचं कसं तिथून?"

माझा राग गेला नाही. बरेच दिवस आम्ही दोघी कामापुरतंच बोललो. हिमेनालाही मी काही सांगितलं नाही. ती माझी बहीण होती आणि मी तिला डोळ्याची उघडझाप शिकवत होते.

सत्र संपताना आम्ही घरच्यांना बोलावून कामं दाखवतो. हिमेनाबरोबर तो आला. पांढरी टोपी, हातात काठी. चाल पार मोडून गेली होती. रस्त्यात दिसला असता तर मी ओळखलंही नसतं. भिंतीवर स्वतःला बघून तो खळखळून हसला आणि शेजारच्या बाईंना म्हणाला, "हा मीच बरं का, जवानीतला!"

सरबत वाटायला सुरुवात झाली तेव्हा मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. हिमेना कौतुकाने म्हणाली, "बाबा, या आमच्या बाई."

"मी तुमची मुलगी," मी म्हणाले.

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दचकला नाही, लाजला नाही. कपाळाला आठ्या घालून आठवायला लागला.

"कुठली?" त्याने विचारलं.

हिमेनाच्या हातातला पेला फरशीवर फुटला.

"कुठली म्हणजे?" ती म्हणाली. "बाबा, कुठली म्हणजे काय?"

"चल, घरी चल," तो म्हणाला आणि काठी टेकत निघाला. ती गेली नाही. आम्ही दोघी मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो.

"म्हणजे आपण आहोत तरी किती जणी?" तिने विचारलं.

"मला तर आत्तापर्यंत वाटायचं, मी एकटीच."

"मलाही," ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडली.

त्यानंतर तो मला भेटला नाही, मीही गेले नाही. हिमेना पुढच्या सत्रालाही येत राहिली. मला बाईच म्हणते. एका रविवारी ती न सांगता आमच्या घरी आली. दार आईने उघडलं. हिमेनाच्या कपाळाकडे, हुबेहूब त्याच्यासारख्या भुवयांकडे ती बघतच राहिली.

"जेवलीस का गं?" आईने विचारलं.

तिला मक्याचं गरम पोसोले वाढलं, टोर्टिया गरम करून दिल्या आणि आई आपल्या खोलीत गेली. कडी लावून घेतली. हिमेनाने दोनदा मागून घेतलं आणि ताट स्वतः विसळलं. ती बस पकडायला निघेपर्यंत आई काही बाहेर आली नाही.