रिकाम्या फोल्डरातले सत्तेचाळीस विषाणू

"सरका, सरका, लाल होतंय!" वरच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या आणि धाकटीच्या खोलीतली गर्दी एकदम पुढे रेटली गेली.

खोली मुळात एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक माणूस मावेल एवढीच. आता तिच्यात अर्धी इमारत शिरली होती. कुणी खाटेवर चढलं होतं, कुणी आपला लॅपटॉप तापानं फणफणलेल्या पोरासारखा कडेवर घेऊन नंबर लावून उभं होतं. मधोमध कवचकाका. डोळे मिटलेले, उजवा पंजा कॉम्प्युटरच्या डब्यावर. पडद्यावर लाल आकडा चढत गेला आणि थांबला. सत्तेचाळीस विषाणू.

"अगं बाई! माझ्याकडेही सत्तेचाळीसच निघाले होते," काकू म्हणाल्या.

"एकाच घराण्यातले असतील," धाकटी म्हणाली. कुणी हसलं नाही.

काकांनी पंजा दाबला. थोड्या वेळानं लाल पडदा हिरवा झाला. टाळ्या पडल्या.

धाकटीला एका जागी उभं राहवेना. ती नकाशे काढायची. एका दवाखान्याच्या इमारतीचा नकाशा, तिचं स्वतःच्या जबाबदारीवरचं पहिलं काम, संध्याकाळपर्यंत पोचायला हवा होता. आणि सकाळपासून तो फोल्डरमधून गायब होता. दुसरी प्रत? ती उद्या करायची होती. गेले कित्येक आठवडे ती उद्याच करायची होती. त्यात कॉम्प्युटर असा मंदावलेला, की माऊस हलवला तरी पडद्यावरचा बाण आधी विचार करायचा, मग हलायचा.

हे सगळं अप्पांमुळे. धाकटीच्या वडिलांचा स्वभावच 'असू दे एक जास्तीचं' असा. त्यांच्या पट्ट्यावर पुन्हा नाडी असायची. कवचकाका अधूनमधून यायचे आणि कॉम्प्युटरवर नवं संरक्षण चढवायचे. आधी लोहकवच, मग वज्रकवच, मग महाकवच आणि आता काकांनी स्वतः सिद्ध केलेलं परमकवच. अप्पांनी जुनं एकही काढू दिलं नव्हतं. "इतके दिवस राखण केली बिचाऱ्यानं. हाकलायचं कसं?"

"विषाणू गेले, मूळ राहिलंय," काकांनी डोळे उघडले. "नकाशा त्यानंच गिळला. आता शुद्धी करावी लागेल. सगळी डिस्क कोरी! निर्मळ, निराकार, निर्डेटा!"

"म्हणजे माझं सगळं काम पुसणार?"

"मोह सोड, बाळ. डेटा येतो, डेटा जातो. पासवर्ड तेवढा अमर."

"अप्पा!"

"अगं, मी हो म्हणून बसलोय."

"तुम्ही नेहमीच हो म्हणून बसता," आई दारातून म्हणाली. "आपल्या लग्नातसुद्धा तेच केलंत."

चहा झाला की शुद्धी, असं ठरलं आणि काका बाहेर बशीकडे वळले. धाकटी खुर्चीत बसली, उठली, परत बसली. सत्तेचाळीस हा आकडा तिला चपलेतल्या खड्यासारखा टोचत होता. काकूंकडे फक्त नातवाचे फोटो. हिच्याकडे फक्त नकाशे. मग आकडा सारखा कसा?

तिनं एक नवा, कोराकरकरीत फोल्डर तयार केला. आत काही म्हणजे काही नाही. आणि परमकवचाला सांगितलं, फक्त एवढाच तपास.

लाल. सत्तेचाळीस.

"आई! अप्पा! सगळे या इकडे! रिकाम्या पातेल्यात सत्तेचाळीस झुरळं!"

काका बशी घेऊनच धावत आले. "सूक्ष्म असतात ते. अजून हात कुठे ठेवलाय मी? हात ठेवला की..."

"तुम्ही चहा घ्या," म्हणत तिनं अप्पांच्या पायातली चप्पल काढून डब्यावर ठेवली.

खोली श्वास रोखून चपलेकडे बघत राहिली. थोडा वेळ लाल. आणि मग, अगदी शांतपणे, हिरवं.

"चप्पल सिद्ध झाली," आई म्हणाली.

"परमकवच काही शोधतच नाही," धाकटी म्हणाली. "सत्तेचाळीस दाखवायचे आणि जरा वेळानं हिरवं व्हायचं, एवढंच त्याला शिकवलंय. हात ठेवा, चप्पल ठेवा, नाहीतर नुसते जांभया देत बसा!"

"पण मग कॉम्प्युटर का अडतो?" अप्पा एका पायावर उभे राहून विचारत होते.

"अप्पा, बाकीची तिन्ही कवचं खरी आहेत, तोच घोटाळा. एका दाराला तीन पहारेकरी. एखादी फाईल उघडली की तिघंही तिची झडती घेतात. एकानं संशयित म्हणून काही कोठडीत टाकलं की दुसरा कोठडी उघडून ओरडतो, चोर सापडला! दिवसभर हेच. माझं काम करायला वेळ कुणाला आहे?"

बोलता बोलता तिनं वज्रकवचाची कोठडी उघडली. आत तिचा नकाशा बसला होता. त्यात खोल्यांची मापं आपोआप मोजणारा छोटा प्रोग्रॅम तिनंच लिहून घातला होता. वज्रकवचाला त्याचा संशय आला होता, बस. फाईल तिची, प्रोग्रॅम तिचा. तिनं नकाशा सोडवला, आधी त्याची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि मगच पाठवला. उजेड होता अजून.

वळून बघते तर काका नव्हते. कुठल्यातरी प्रिंटरला लागीर झालंय म्हणून गेले, असं कुणीतरी म्हणालं. बशी नेली होती.

तिनं परमकवच, महाकवच आणि वज्रकवच रीतसर काढून टाकली, एकटं लोहकवच ठेवलं आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. बाण विचार न करता पळाला.

"एक असू दे की जास्तीचं," अप्पा चुळबुळले.

"असू दे. पण दारात एकच. दुसरा झोपलेला हवा, बोलावलं तरच उठून एकदा तपासून परत झोपणारा. दोघं मिळून काम करतात ती जोडी, अप्पा. एकमेकांची गचांडी धरतात ती नव्हे."

एवढ्यात काकू लॅपटॉप घेऊन पुढे सरकल्या. "अहो, ती चप्पल जरा देता? डावी होती की उजवी?"

मागे रांग लागली होती.

तेव्हा मंडळी, हात जोडून सांगणं एवढंच. एक चांगला पहारेकरी ठेवा, त्याला अद्ययावत ठेवा, आणि कामाची दुसरी प्रत आजच करा, उद्या नको. कुणी चमत्कार दाखवला तर आधी त्याच्यापुढे एक रिकामा फोल्डर ठेवा. आणि चप्पल पायात घाला. ती तेवढ्यासाठीच असते.