जिच्यावर सून कधी बसली नव्हती

मित्रांनो, ब्राह्मणपुरीच्या एका ओसरीत पितळी साखळ्यांना टांगलेली जुनी सागवानी बंगई, ती मी. तुम्ही झोपाळा म्हणत असाल. आमच्या घरी बंगईच म्हणतात. ताठ बसा आणि ऐका.

नवापूरच्या सुताराने मला एका अखंड फळीतून घडवले. माझ्यावर वडीलधाऱ्यांनी आणि पाहुण्यांनी बसावे, सुनेने बसू नये, असा घरचा नियम होता. त्याचा मला मोठा अभिमान वाटे. आज तो सांगताना मान खाली जाते.

गेल्या पोळ्यानंतर घरधनी रूपचंदबाबांना लकवा झाला. डावे अंग गेले. दवाखान्यातून घरी आणताना व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, की मूठ वरचेवर उलगडली नाही तर हात कायमचा आखडेल. मुलगा भूपेंद्र दिवसभर केळीच्या बागेत. त्यामुळे उठवणे, अंग पुसणे, भरवणे, एकेक बोट सोडवणे, सारे सून हेमांगीवर आले.

आमच्याकडे आजाऱ्याला पाहायला अख्खे गाव येते. येणे चांगलेच. पण आलेला माणूस आधी माझ्यावर बसे आणि चहा घेतल्याशिवाय उठत नसे. मी त्याला झुलवी. आत हेमांगी अर्धी उघडलेली मूठ तशीच सोडून चहा टाकायला धावे.

"सून लाखमा एक शे," तिचा चुलत दीर कुंदन माझ्यावर रेलून म्हणे, "काकानी चिंताच नही."

कौतुक पुष्कळ झाले. हात कोणी लावला नाही. बाबांची मूठ घट्ट होत चालली.

एके दुपारी चहाचा ट्रे आणताना हेमांगी उंबऱ्यातच खाली बसली. कप फुटले. "माले उठता येत नही," ती म्हणाली. कुंदनला घेऊन मी हलतच होते; त्याच्या पायाचा रेटा अजून संपला नव्हता. त्या हलण्याची मला जितकी लाज वाटली, तितकी आयुष्यात कशाचीच वाटली नाही.

सासूबाई तापीबाईंनी साखळी धरून मला थांबवले.

"कुंदन, देखाले उना ना तू? मंग जाय, काकाना हात धर."

"काकी, मी म्हशी दोहनारा मानूस. ते माले नही जमत."

"लाथ मारनारी म्हैस जमस तुले. तुन्हा काका तं लाथ बी नही मारत. जाय. चहा मी करस." मग त्या सुनेकडे वळल्या. "तू आठे बठ."

"बंगईवर?"

"मी सांगी ऱ्हायनी."

हेमांगी कडेला टेकली. लग्न होऊन आल्यापासून मी तिचे वजन कधी जाणले नव्हते. ती इतकी वाळली होती, की माझ्या कड्या कुरकुरल्याही नाहीत. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. मी तसूभरही हलले नाही.

आतून कुंदनचा दबका आवाज आला, "काकी, अंगठा पहिले का बोटं?"

तापीबाईंना ते ठाऊक नव्हते. भूपेंद्रलाही नसते. साऱ्या घरात ज्या एकीला ठाऊक होते, तिला उठवण्याची कोणाची छाती होईना.

दुसऱ्या दिवशी हेमांगीने सगळ्यांना शिकवले. आता पाहुणा आधी बाबांचा हात धरतो, मग चहा पितो. दुपारी हेमांगी माझ्यावर आडवी होते. बाबांची मूठ सैलावते आहे, पण सावकाश. गेलेले दिवस भरून येत नाहीत.

मित्रांनो, आजाऱ्याला पाहायला जाल तेव्हा बसायची जागा शोधू नका. त्याला सांभाळणारीकडून आधी काम शिकून घ्या, आणि ती खाली बसण्यापूर्वी शिका.